क्लेटन भावोजींच्या गळ्यातला हार

रोझबड, सोमवार

प्रिय ताई,

तुझे गुडघे, तुझी गाडी आणि तुझा तो चावरा कुत्रा, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालते. (गाडीची खात्री नाही.) इकडे सगळं ठीक. माझा कुणावरही राग नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

तशिना पहिल्यांदाच नाचाच्या रिंगणात उतरणार, म्हणून तिच्यासाठी मण्यांचे डूल करायला घेतले. (नात तुझी, डोळे जाताहेत माझे. असो.) एक झाला. दुसरा मात्र सारखा उसवावा लागतोय. रागात सुई धरू नये, राग मण्यांत शिरतो आणि घालणाऱ्याला बाधतो, हे आईने आपल्याला चिमटे काढून शिकवलंय. आणि मी सुई धरली की डोळ्यांसमोर क्लेटन भावोजींची मान येते.

आमच्या ह्यांचे चुलतभाऊ, नाचाच्या वेळी माइकवर बडबडतात ते. आईला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी आपण तिचं सगळं वाटलं, तेव्हा तू तिचा मण्यांचा हार त्यांना दिलास. बरोबरच केलंस. जीव अडकलेली वस्तूच द्यायची, अडगळ नव्हे, ही आपल्या जमातीची रीत. शिवाय शेवटी तिच्या उशाशी गाणी म्हणत बसले होते ते हेच. पण म्हणून तो हार बिंगो खेळायलाही घालायचा? त्यावर सुक्या मांसाचा रस्सा सांडायचा?

शेवटी म्हटलं, रीतीवर रीतीचाच इलाज करावा. कुणी वस्तू मनापासून वाखाणली तर ती काढून द्यावी लागते. बिंगोच्या हॉलमध्ये मुद्दाम त्यांच्या समोर बसले आणि म्हटलं, "भावोजी, काय हार आहे हो! नजर हटत नाही."

"मग हटवू नका वहिनी, बघायला पैसे पडत नाहीत," ते म्हणाले. "पण तुमच्या कानात ते काय? अशी नक्षी मी जन्मात पाहिली नाही!"

(वजन बघायला तो एकुलता एक डूल मी घालून गेले होते. अक्कल घरीच राहिली होती.) सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. काय करते? दिला काढून. मग हाराची पुन्हा आठवण करून दिली, तर म्हणतात, "वहिनी, तुम्ही वाखाणत नव्हता, मागत होता. मागितलेलं कोण देतं?" आता ते हार आणि डूल, दोन्ही घालून हिंडतात. लोक म्हणतात, शोभतं.

बाकी क्षेम. कुत्र्याला दुरूनच नमस्कार.

तुझी धाकटी,
व्हर्ना

ता.क. नाच शनिवारी आहे आणि तशिनाचे कान मोकळे आहेत. गुरुवारी सुई आणि चष्मा घेऊन ये. एक डूल तू कर, एक मी करते. तुझा हात घट्ट, माझा सैल. जोडी जमली नाही तर नाचताना कोण बघतंय?

आणखी एक. माफी नको मला. फक्त देण्याआधी तो हार एकदा माझ्या गळ्यात घालू द्यायचा होतास, ताई. आईचा हार मी कधी घातलाच नाही. आलीस की दारातच म्हण, "हो गं, घालू द्यायला हवा होता." कॉफी नंतर. त्याशिवाय मला सुई धरता येणार नाही, आणि माझा राग पोरीच्या कानात लटकवायची माझी इच्छा नाही.