पाहिलं : अन्सेल्मो

कोइंब्रा, १४ नोव्हेंबर

प्रिय अन्सेल्मो,

अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी तुझी कॉफी संपवशील, मगच पाकीट फोडशील, हे मला माहीत आहे. गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्याचं तुझी बहीण बाजारात भेटली तेव्हा कळलं. पत्ताही तिनेच दिला, जरा नाखुशीने. संत मार्टिनच्या दिवशी इथे नेहमीसारखे चेस्टनट भाजले. मी चारच खाल्ले. दातांना झेपत नाहीत आता.

माझं बरं चाललंय. डिसेंबरअखेर मी काम सोडते आहे. आपली अवजारं पोर्तूच्या फिलोमेनाच्या हवाली करायची आहेत. चाळिशीची आहे, हुशार, तोंडाने फटकळ. तिच्या हाती अडगळ जाऊ नये म्हणून दोन महिने साफसफाई काढली आहे. भावजयीने परवा विचारलं, इतकी वर्षं तू नेमकं केलंस तरी काय? तिला म्हटलं, डिस्कवर फायली कशा मांडायच्या ती व्यवस्था दुसऱ्यांनी लिहिली, नाव त्यांचं झालं. डिस्क तयार करायची, तपासायची, बिघडली तर सांधायची, ते बाहेरचे छोटे प्रोग्रॅम आमचे. ती म्हणाली, "म्हणजे चर्च त्यांचं आणि केरसुणी तुझी." मला हसू आलं. तू असतास तर तूही हसला असतास.

काय काय निघालं म्हणून सांगू! एकच काम तिघांनी तीनदा लिहिलेलं. केव्हाच भंगारात गेलेल्या यंत्रांसाठीचे पर्याय. आणि तुझी एक टीप : "हे का चालतं माहीत नाही. हात लावू नका." फिलोमेना ती काढा म्हणते. मी ठेवली आहे.

मग फिलोमेना दुरुस्तीच्या प्रोग्रॅमपाशी आली. दुरुस्ती करताना ज्या तुकड्यांना नाव-गाव सापडत नाही, ते 'हरवले-सापडले'च्या कप्प्यात ठेवायचे, हा आपला जुना नियम. अकरा वर्षांपूर्वी असाच केर काढताना मला वाटलं, एखाद्या डिस्कवर तो कप्पाच नसेल तर नवा कशाला करायचा, हे तुकडे निरुपयोगी, टाकून द्यावेत. बारा ओळींच्या जागी दोन ओळी झाल्या. किती नीटनेटकं दिसत होतं ते! बदलाच्या नोंदीखाली मी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली, तपासणारा म्हणून, नेहमीप्रमाणे, "पाहिलं : अन्सेल्मो".

तू ते पाहिलं नव्हतंस. तू त्या आठवड्यात आईच्या आजारपणात होतास. पण तू माझ्या कामाला कधी नाही म्हणाला नव्हतास, म्हणून मी तुझं नाव न विचारता घालत असे. ती सवय होती. प्रेमही असेल. आता त्याला काय नाव द्यावं कळत नाही.

दक्षिणेतल्या त्या छोट्या संग्रहालयाने आपल्या त्याच प्रोग्रॅमने डिस्क दुरुस्त करायला घेतली आणि धनगरांच्या गाण्यांची सगळी ध्वनिमुद्रणं गेली. गाणारे तर आधीच गेले होते. तू बसने तिकडे गेलास, नऊ दिवस डिस्कसमोर बसून हाताने तुकडे जुळवलेस. दोनशे गाण्यांतली एक्केचाळीस परत आली. मी गेले नाही. माझं बोट मोडलंय असं सांगितलं होतं. बोट मोडलेलं नव्हतं.

वार्षिक बैठकीत प्रमुखांनी तुला विचारलं, लिहिणाऱ्याची नजर चुकते, पाहणारा कशासाठी असतो? मी संत्रं सोलत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "खाली माझं नाव आहे ना? मग पाहिलंच असणार."

सोललेलं संत्रं मी पूर्ण खाल्लं. बाहेर जिन्यात तू एवढंच म्हणालास, "लिओनिल्द, पुढच्या वेळी निदान विचार तरी." पुढची वेळ आलीच नाही. तू काम सोडलंस आणि तुझी जागा मला मिळाली.

इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले होते, हेही लिहून टाकते. मला वाटे, याने खरं बोलून टाकायला हवं होतं. गप्प राहून हा मोठा झाला आणि मला कायमची लहान करून गेला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोन्सोलाता आमच्याकडून प्रत्येक पान पुन्हा वाचून घेत, मगच खाली नाव लिहू देत. दुसऱ्याचं नाव लिहू नये, हे शिकवावं लागेल असं त्यांना वाटलंच नसेल.

पण हे पत्र त्यासाठी नाही. गेल्या महिन्यात त्या दोन ओळी फिलोमेनाला दिसल्या. तिने विचारलं, "बाई, हा अन्सेल्मो कोण? डोळे मिटून नाव घालायचा का?"

मी म्हणाले, "तसाच होता तो."

अकरा वर्षांपूर्वी मी गप्प बसले होते. या वेळी बोलले, तेही हे.

जुनी नोंद पुसता येत नाही, तुला माहीत आहे. हजारो लोकांकडे तिच्या प्रती आहेत. नवी तेवढी लिहिता येते. तुला आधी विचारणार होते. मग लक्षात आलं, तू नको म्हणशील आणि मी सुटेन, याच आशेने मी विचारणार होते. म्हणून आज सकाळी त्या दोन ओळी काढल्या, जुना नियम परत घातला आणि नोंदीत लिहिलं : "मूळ चूक माझी. तेव्हा 'पाहिलं' म्हणून ज्याचं नाव आहे त्याने ते पाहिलेलं नव्हतं. ते नाव मी न विचारता घातलं." तुझं नाव कुठेही घेतलेलं नाही. या कामातल्या सगळ्यांना ते गेलं आहे.

तासाभरात फिलोमेनाचं उत्तर आलं, तेही सगळ्यांसमोर : "मग गेल्या महिन्यात मला का नाही सांगितलंत, बाई?"

त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. आधी हे लिहायला बसले.

माफी मागत नाही. तू देशील, आणि ते मला सोसणार नाही. गुडघ्याला ऊब दे.

लिहिलं : लिओनिल्द
पाहिलं :