चि. चुडामण यास चप्पल न हुंगवता शाळेत बसू देण्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
पंचायत समिती, पारोळा.

विषय : पहिलीच्या पटावरून कमी केलेले मुलाचे नाव परत घेण्याबाबत.
संदर्भ : शाळेचे एकमेव शिक्षक पंडित गुरुजी यांची गेल्या आठवड्यातील चिठ्ठी.

महोदय,

"सूनबाई, पोऱ्याले हाका मारूत तरी देखस नही. डॉक्टरले दखाडी ये," असे अर्जदाराच्या सासूबाई आक्काबाई यांनी चुडामण तान्हा असताना बजावले होते. अर्जदार बी.ए.ला मानसशास्त्र घेऊन उत्तीर्ण असल्याने तिने सासूबाईंनाच बालविकासाचे टप्पे समजावून सांगितले. पुढच्याच महिन्यात मुलास पहिली आकडी आली व अर्जदाराचे मानसशास्त्र तेथेच संपले.

मुंबईस रक्त तपासले असता, मुलाचे एक गुणसूत्र सरळ नसून कड्यासारखे वळले आहे, असे निष्पन्न झाले. असे लाखात एखादे. त्यामुळे आकडी येते व वाढ सावकाश होते. हे ऐकून सासूबाईंनी नातवाच्या पायातले वाळे उतरवून ठेवले. त्याचा उपयोग झाला नाही. गोळ्यांचा थोडाफार झाला.

तथापि गोळ्यांनी पेंग येते. मान कलली रे कलली, की वर्गातील मुले "आकडी! आकडी!" करीत दारातल्या चपला घेऊन धावतात. चप्पल हुंगवण्याची रीत गावात पूर्वापार आहे. अर्जदाराने हरकत घेतल्यास "शिकेल बाई शे ती", म्हणजे शिकलेली बाई आहे, एवढ्यावर विषय मिटतो. एकदा तर खुद्द गुरुजी स्वतःचा बूट घेऊन धावले. मुलगा नुसता झोपला होता. त्याने डोळे उघडले आणि तो हसला.

तेव्हापासून पाढे सुरू झाले, की चुडामण आपणहून आडवा होतो व एक डोळा किलकिला ठेवून वाट पाहतो. त्यास बोलता येत नाही; परंतु जमलेल्या चपला तो ज्याच्या त्याला नेऊन देतो, कधी चुकत नाही. प्रगतिपुस्तकात या विषयाला रकाना नाही.

गेल्या आठवड्यात मात्र खरी आकडी आली आणि लवकर थांबेना. गुरुजींनी मुलास मांडीवर घेतले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली : "शिस्तीस बाधा येत असल्याने नाव कमी करीत आहे." अर्जदार त्यांच्या खोलीवर गेली असता दार अर्धेच उघडले. "वहिनी, पोर माझ्या मांडीवर निळं पडलं. परत माझ्याच्यानं नाही व्हायचं," एवढे बोलून त्यांनी कडी लावली.

सबब विनंती, की नाव पटावर परत घ्यावे. आकडी आल्यास मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, नाकाशी काही धरू नये. लांबल्यास दवाखान्यात न्यावे. डॉक्टरांची तशी चिठ्ठी सोबत जोडली आहे. गुरुजींची भीती मोडेपर्यंत अर्जदार रोज शाळेच्या ओट्यावर बसेल. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा तीही घराबाहेर पळाली होती.

आणखी एक. चिठ्ठी आली त्या दिवसापासून शाळेला कुलूप आहे. गुरुजींचे घरचे सगळे भुसावळला, येथे ते एकटेच राहतात. अर्जदाराने ठेवलेला डबा उंबऱ्यावर तसाच असतो. तिच्यासाठी ते दार उघडणार नाहीत, साहेबांसाठी उघडतील. अर्जाचा निर्णय सवडीने दिला तरी चालेल. आधी तेवढे गुरुजींना पाहून यावे.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
सौ. प्रमिला भिकन पाटील
मु. चिंचपाडळे
दि. १२ ऑगस्ट १९९२