ऊन विकणारं गाव

चँडलर, ॲरिझोना

बाबा,

मागच्या हिवाळ्यात तुम्ही इथे आलात, तेव्हा ग्रँड कॅन्यनपेक्षा म्युझियममधल्या एका जुन्या जाहिरातीपाशीच जास्त रमलात. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इथल्या लोकांनी पर्यटकांना चक्क ऊन विकलं होतं : या, इथे फुप्फुसं बरी होतात! तुम्ही हसून म्हणालात, "आसावरी, त्याच सुमारास आपलं औरंगाबाद लेण्यांतला अंधार विकत होतं. हॉटेलं मात्र दोन्हीकडे बांधली."

आता तुमचीच फुप्फुसं थकलीत. माझी व्हिसाची अपॉइंटमेंट पुन्हा कॅन्सल झाली. निघाले तर परत येऊ देतील याची खात्री नाही, आणि तुमच्या नातवाची, आयुषची, ट्रीटमेंट इथे चालू आहे.

तुम्हाला धीर यावा म्हणून दादाने काल सांगून टाकलं, "ती निघालीय, विमानात आहे." तेव्हापासून तुम्ही दाराकडे बघताय म्हणे.

रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणायचात, "खिडकी दाखव." मी ऊन दाखवायचे. आज नुसताच फोन धरून बसलेय. हे पत्रही पाठवता येणार नाही. विमानात बसलेल्या मुलीच्या मागे स्वयंपाकघरातलं ऊन कसं दिसेल, बाबा?

तुमची, वाटेत असलेली,
आसावरी