पाच सूत

७ जानेवारी

ती. ताईस,

डिंक्याचा नमस्कार. आज खळ शिजायला वेळ आहे आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच माझी बोटं एकमेकांना चिकटलेली नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

इकडे सगळं ठीक. मधली भिंत पाडून कारखान्याच्या दोन खोल्यांची एक केली, त्याला आता आठ महिने झाले. कटिंग मशीन एकीकडे, शिवण-चिकटवण दुसरीकडे आणि मध्ये चार फळ्यांचा घडीचा दरवाजा, म्हणजे कापताना उडणारी धूळ बांधलेल्या पुस्तकांवर बसत नाही. दरवाज्याच्या डोक्यावर तुझ्या हिशोबाचा चौदा फुटी गर्डर. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बाबा तो दाखवतात आणि मुलीनं टपालानं पाठवला म्हणून सांगतात. परवा एका भल्या माणसानं तिकिटं किती लागली म्हणून विचारलं. बाबांनी त्याला खुर्ची दिली नाही.

बाबा तब्येतीनं उत्तम आहेत. बरोबर गर्डरच्या वरच्या खोलीत त्यांचा पलंग, त्यांचं लोखंडी कपाट आणि माझा कागद असे तिघे गुण्यागोविंदानं राहतात. खाली या म्हटलं की खाली खळीचा वास येतो म्हणतात. पन्नास वर्षं त्यांनीच तो वास घरात आणला, हे सांगायची माझी छाती नाही.

मोठी बातमी शेवटी. रजिस्टरांचं मोठं काम मिळालं. ऐंशी रिमं कागद बावीस तारखेला येतोय. खाली ओल लागते, म्हणून तोही बाबांच्याच खोलीत रचणार. तू या वेळी तरी येशील असं बाबांना वाटत होतं. मी म्हटलं, परीक्षा असतील. ते म्हणाले, तिच्या कॉलेजात मुलं शिकतात कधी?

माझ्यावरची माया होती तेवढी राहू दे, वाढवलीस तरी हरकत नाही.

तुझा,
डिंक्या


१२ जानेवारी

चि. डिंक्यास,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुझ्या बायकोला दे, कारण तुझ्यासारख्या चिकट माणसाबरोबर संसार ती करते.

बाबांना सांग, परीक्षा खरंच होत्या. त्याआधी परिसंवाद होता आणि त्याआधी पेपर तपासणं. तीन वर्षं मी या तीन गोष्टी आलटून पालटून सांगते आहे आणि लाज वाटावी इतक्या त्या खऱ्या आहेत.

तुझ्या पत्रातला गर्डरचा परिच्छेद मी तीनदा वाचला. हसू नकोस. बावीस वर्षं मी फळ्यावर तुळया काढते आहे. फळ्यावरची तुळई म्हणजे एक आडवी रेघ, डस्टर फिरवलं की ओझ्यासकट नाहीशी होते. माझ्या हिशोबानं उभी राहिलेली, जिच्यावर माणूस झोपतो अशी तुळई जगात एकच आहे आणि ती तुझ्या दरवाज्यावर आहे. सहकारी पूल बांधतात, धरणं बांधतात. मी एक दरवाजा बांधला, तोही पत्रानं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, मास्तरीण आहे. ओझं तुळईला दोन तऱ्हांनी छळतं. एक शिअर. ते तुझ्या पुठ्ठा कापायच्या कातरीसारखं, एक पातं खाली दाबतं, दुसरं वर. त्याचा जोर टोकांच्या आधारांजवळ जास्त. दुसरा बेंडिंग मोमेंट, तो तुळईला वाकवतो. रिमाची दोन टोकं धरून उचललीस की मध्ये पोट सुटतं, तसं. पोट किती खाली आलं ते डिफ्लेक्शन. कितीही जाड लोखंड असो, थोडं वाकतंच.

आता एक काम कर. गर्डरच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवणीचा दोरा ताणून बांध आणि मध्यावर गर्डर त्या रेषेपेक्षा किती खाली आलाय ते मोज. तू सांगितलेलं सगळं ओझं वर असेल, तर माझ्या हिशोबानं बरोबर एक सूत यायला हवं, म्हणजे इंचाचा आठवा भाग. मोजून कळव. पुढच्या आठवड्यात मला ते वर्गात मिरवायचं आहे.

माझ्या या हौसेला हसून झालं की नेहमीइतकाच जीव लाव.

तुझी,
ताई


१६ जानेवारी

ती. ताईंना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. हे पत्र मी लिहिते आहे आणि तुमचे बंधू समोर बसून मी वाण्याची यादी करते आहे असं समजताहेत. मधूनच म्हणाले, साबण लिही. लिहिला म्हटलं.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी ते शिडीवर चढले. दोरा मी धरला होता. त्यांनी मोजलं, खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा मोजलं. मग पाणी प्यायले आणि तुम्हाला पत्र लिहायला बसले की ताई, तू धन्य आहेस, बरोबर एक सूत. ते पत्र मी चुलीत घातलं. टपालात पडलं असं त्यांना वाटतं आहे.

ताई, एक सूत नाही. पाच सूत आहे. मी स्वतः चढून बघितलं, आणि कामावरच्या चारही बायकांना दाखवलं.

आणखी एक सांगते, म्हणजे माझ्या मनावरचं उतरेल. तो घडीचा दरवाजा मधोमध गर्डरला घासतो. बाबांचं कपाट वर नेलं तेव्हा पहिल्यांदा घासला, ह्यांनी फळ्यांच्या डोक्यावर रंधा मारला. कागद आला तेव्हा पुन्हा घासला, पुन्हा रंधा. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा. मी म्हटलं, ताईंना कळवा. तर म्हणे, तिनं आयुष्यात एक तुळई केली, तिच्यात खोट कशाला काढायची, लाकूडच ओलं होतं. तीन वेळा लाकूड ओलं कसं होतं हे मी विचारलं नाही. तुमच्यावर माया आहे त्यांची, पण माया रंध्यानं करायची असते हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

मला तुमच्यातलं काही कळत नाही. वर बाबा झोपतात, खाली मी आणि चार बायका दिवसभर छापील कागदांचे फॉर्म दुमडत बसतो, आणि बावीस तारखेला ऐंशी रिमं येताहेत. भ्यायचं की नाही तेवढंच सांगा. भ्यायचं असेल तर मी नीट भिईन, उगाच अर्धवट नको.

माझ्या आगाऊपणासकट मला आपलं म्हणा.

तुमची,
भावजय


१९ जानेवारी

चि. भावजयीस,

आणि शेजारून वाचणाऱ्या डिंक्यासही,

आशीर्वाद. आज सकाळी तार केली आहे, ती या पत्राच्या आधी मिळेल. कागद वर चढवू नका, मधोमध खालून टेकू द्या, बाबांना खाली घ्या. तारेत कारण मावत नव्हतं, ते इथे लिहिते.

नीट भ्यायचं आहे. घाबरून पळायचं नाही.

पाच हा आकडा वाचल्याबरोबर मला सगळं कळलं, भिंत न बघता. तुळईची टोकं भिंतीनं घट्ट धरलेली असली, भिंत त्यांना जरासुद्धा वळू देत नसली, की ती जेवढी वाकते, त्याच्या बरोबर पाचपट ती वाकते, टोकं नुसती टेकलेली असतील तर. तेच लोखंड, तेच ओझं. मी टोकं घट्ट धरली आहेत असं मानलं. ती टेकलेली आहेत.

का मानलं, तेही सांगते, म्हणजे माझं नाक पुरतं खाली येईल. टेकलेली धरली तर दहा इंची गर्डर लागत होता. डिंक्यानं लिहिलं होतं की तेवढा जाड घातला तर दरवाजा बुटका होतो आणि बाबा डोकं आपटतील. घट्ट धरलेली मानली की आठ इंचीत भागत होतं. शिवाय बारीक गर्डर दिसतोही छान. मी माझ्या टेबलाशी बसून, चहा पीत, तुमच्या भिंतीला हवी तेवढी ताकद देऊन टाकली. गेल्या वर्षी नेमक्या याच चुकीसाठी मी अकरा मुलांना नापास केलं आहे. एकाच्या उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईत लिहिलं होतं की आधार तुम्ही पाहिलात का.

गर्डर आज तुटणार नाही. पण अडीअडचणीला म्हणून जेवढी जास्तीची ताकद मी धरली होती, ती माझ्या चुकीनंच खाऊन टाकली. त्यावर ऐंशी रिमं म्हणजे देवावर हवाला.

एक गोष्ट मात्र मुलांना शिकवताना मी कधी मोठ्यानं म्हटली नव्हती. टोकं नुसती टेकलेली असली की वाकवणारा जोर मध्यावर तिप्पट येतो. डिंक्या, तिकडे मध्ये तू आहेस. बाबा, कारखाना, दुखणी-खुपणी, सगळं. एक टोक मी घट्ट धरलंय अशी माझी समजूत होती. पत्रं पाठवत होते ना.

पुढे लिहवत नाही. रागवायचं असेल तर सावकाश रागवा, पण टेकू आधी.

तुमची,
ताई


२३ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे सुखरूप, हे पहिल्या ओळीत, कारण तुझ्या तारेनं इथे जे झालं ते तुला कळायला हवं.

कागद दोन दिवस आधीच आला, वीस तारखेला सकाळी. तीस रिमं वर गेली होती. तेवढ्यात तारवाला दारात. तार म्हटल्यावर बाबा जिन्याच्या कठड्याला धरून मटकन बसले आणि ताई गेली म्हणून रडायला लागले. ते बघून मी रडायला लागलो. हमालांनी टोप्या काढल्या. तार शेवटी तुझ्या भावजयीनं फोडली, वाचली, आणि डोळे पुसायच्या आत हमालांवर ओरडली की जिथे आहात तिथून खाली उतरा, एकेक करून. मग बाबांना सांगितलं की ताई ठणठणीत आहेत, फक्त त्यांचं गणित गेलं. बाबा म्हणाले, मग रडून घेतलं ते फुकट गेलं म्हणायचं.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं गाडी उचलायचा जॅक दिला. त्यानं गर्डर हळूहळू वर घेतला आणि खाली साल वृक्षाच्या लाकडाचा खांब उभा केला. भिंत पाडून आम्ही मोकळी केलेली वाट आता बरोबर मधोमध बंद आहे. कागदाची ढकलगाडी खांबाला वळसा घालून जाते आणि दर वेळी त्याला धडकते. बाबांनी पलंग स्वतःच खाली आणवला. वासाचं नावही काढलं नाही.

आता माझं ऐक. तुझं पत्र वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण चूक तुझी नाही. तुझ्या चित्रात टोकं भिंतीत चांगली फूटभर आत घालून काँक्रीट भरायचं लिहिलं होतं. गवंडी म्हणाला, त्याला आणखी दोन दिवस लागतील. मला घाई होती. मी म्हटलं चार इंच पुरे. एक टोक डुगडुगत होतं, म्हणून त्याखाली मी माझाच पुठ्ठा घातला, तीन पदरी, चांगला दाबलेला. ताई, मी गर्डरला पुस्तकासारखं बांधलं. तुला कळवायची लाज वाटली, म्हणून रंधा मारत राहिलो. पाच सूत तू मोजायला सांगायच्या आधीपासून मला ठाऊक होते. तेव्हा नापास कर मला, अकराचे बारा होतील.

शेवटी एकच. नव्या गर्डरचा हिशोब टपालानं पाठवू नकोस. पाठवलास तर फोडणार नाही.

रुसलो नाही, तूही रुसू नकोस, आणि जपून ये.

तुझा,
डिंक्या


२८ जानेवारी

चि. डिंक्यास,

आशीर्वाद. पुठ्ठ्याचं वाचलं आणि स्टाफरूममध्ये एकटीच इतकी हसले की शिपाई दार उघडून बघून गेला.

पण चूक माझ्याकडून हिरावून घेऊ नकोस, लहानपणी माझी पेन्सिल घ्यायचास तशी. तू फूटभर आत घातला असतास, काँक्रीट भरलं असतंस, तरी त्या विटांच्या भिंतीनं टोकांना वळण्यापासून रोखलं नसतं. ती धरल्यासारखी दिसली असती, इतकंच. हे मला तेव्हाही कळत होतं. तुझा पुठ्ठा त्यात मामुली. तुला बारावा क्रमांक मिळणार नाही.

काल वर्गात ती तुळई फळ्यावर काढली, नाव न घेता, आणि कुणीतरी टोकं घट्ट मानली आणि पाचपट वाकली म्हणून सांगितलं. मुलं खूप हसली. मग मी म्हटलं, ते कुणीतरी मी. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुम्ही भिंत बघायला गेला नव्हतात का. मला उत्तर येत होतं. एका शब्दाचं होतं. बावीस वर्षांत इतकं सोपं उत्तर द्यायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

अकरा उत्तरपत्रिका काढून पुन्हा वाचल्या. मार्क वाढवले नाहीत, ते मला जमणार नाही. पण तांबड्या शाईतलं ते वाक्य आता मला माझ्या अक्षरातलं वाटेना.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. पंधरा दिवस राहीन. मी हात लावून बघेपर्यंत खांब काढू नकोस आणि बाबांना वर जाऊ देऊ नकोस. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. प्राचार्यांसाठी मी तीन कारणं मनात घोळवली, परीक्षा, परिसंवाद, पेपर, आणि मग लक्षात आलं की ही तर न येण्याची आहेत. शेवटी लिहिलं, घरची भिंत पाहणे. त्यांनी वाचलं, चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. इतक्या सहज रजा मिळाली, डिंक्या, की मी तिथेच उभी राहिले.

भेटेपर्यंत माया आहे तशीच धर.

तुझी,
ताई