एकट्यासाठी अख्खा मासा

११ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. घर बंद करून कायमचा राहायला ये, हे तू पुन्हा लिहिलंस. माझं उत्तर तेच आहे. दोन खोल्यांत तूच कशीबशी मावतेस. शिवाय आई गेल्यावर मला एकदा वाढवलंस तेवढं पुरे झालं, म्हातारपणी पुन्हा तुझ्या गळ्यात कशाला पडू? माझं इथे उत्तम चाललंय.

तू दटावलंस म्हणून रविवारी बाहेर जेवायला गेलो. बंदराजवळचं ते मासळीचं हॉटेल, हिच्याबरोबर जायचो ते. एकटा माणूस बघून त्यांनी मला संडासाच्या दाराशेजारचं टेबल दिलं. सूप झकास होतं. कोळंबी जुन्या तेलात तळलेली, आणि पाव असा की कुणाला फेकून मारला असता तर टाके पडले असते. मग ऐटीत अख्खा भाजलेला मासा मागवला. तो आला, ताजा, वासानेच भूक खवळावी असा. आणि तेव्हा लक्षात आलं, अक्का, की मला काटे काढता येत नाहीत.

हस खुशाल. लहानपणी घशात काटा अडकला तेव्हापासून माझ्या ताटातले काटे तू काढायचीस. लग्न झाल्यावर ते खातं तू तिच्याकडे सोपवलंस. ती गेल्यावर मी मासा खाल्लाच नव्हता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने उचलल्या, आणि त्या माशापुढे हात टेकले. वेटर भला माणूस, आत नेऊन काटे काढून आणू का म्हणाला. मला इतकी लाज वाटली, की मी सांगितलं, नको, बायको येतेय, ती काढेल. त्या बिचाऱ्याने समोर दुसरी ताटली मांडली आणि मासा झाकून ठेवला. मग मलाही दाराकडे बघत बसावं लागलं. शेवटी मासा तसाच टाकून उठलो. घरी येऊन दूध-पाव खाल्ला आणि रडलो. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलो.

तुझ्या अक्षराला काय झालंय? ओळी एकमेकींच्या अंगावर चढतायत.

प्रकृतीला जप, आणि या वेड्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
बंड्या


२३ फेब्रुवारी

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून आधी हसू आलं, मग ते गेलं. साठी उलटली आणि हा ताज्या माशापुढे उपाशी बसतो! पण तू त्या दाराकडे बघत बसलास, ते काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आता नीट लक्ष दे. पाठीच्या रेषेवर सुरी नुसती टेकवायची, दाबायची नाही. वरची बाजू अलगद उलटली की मधला कणा उघडा पडतो. तो शेपटीकडून धरून डोक्याकडे उचल, एका दमात निघतो. राहिले पोटाजवळचे बारीक काटे. ते डोळ्यांनी शोधू नकोस, बोटांनी चाचप. डोळे फसवतात.

मी हल्ली मासा आणतच नाही. महाग झालाय, आणि घरात वास बसतो. शिवणयंत्रही शेजारणीला देऊन टाकलं, कंटाळा आला. अक्षराचं म्हणशील तर पेन खराब आहे.

ये म्हणते ती तुला वाढवायला नव्हे. पण एवढं कळलं असतं तर तू बंड्या कसला!

जेवत जा. रागावले तरी तुझीच आहे हे ध्यानात असू दे.

तुझी
अक्का


७ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पुन्हा गेलो. या वेळी खिशात कामाचा चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग घेतलं होतं. टेबल तेच मिळालं. सूप गार होतं, मासा मात्र तसाच फर्मास. कणा काही एका दमात निघाला नाही, मध्येच मोडला. मग भिंग चढवलं आणि एकेक काटा चिमट्याने उपसून ताटलीच्या कडेला मांडला. आजूबाजूचे लोक आपलं जेवण सोडून माझा तमाशा बघत होते. वेटरने हळूच बायकोची चौकशी केली. मी सांगून टाकलं, की ती वारली, आणि मागच्या खेपेलाही वारलेलीच होती. त्याने लिंबाची आणखी एक फोड आणून ठेवली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. मासा तोवर गारठला होता, पण सगळा खाल्ला.

घरी येताना तुझं पत्र डोक्यात घोळत होतं. पेन खराब असलं तर अक्षर फिकं येतं, ओळी वाकड्या होत नाहीत. तू तापातसुद्धा शिवायला बसायचीस, तुला कसला कंटाळा! आणि माझं पत्र तू वाचलं नाहीस, ऐकलंस. तुला दिसत नाही ना, अक्का? मला राग आलाय. तुझ्यापेक्षा जास्त माझाच आलाय. काय असेल ते खरं कळव. तोवर घास उतरणार नाही.

तुझ्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावलेला,
बंड्या


१५ मार्च

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

मी सांगतेय, शेजारीण लिहितेय. तुझी पत्रं वाचते तीच, त्यामुळे तू रडलास हे तिलाही ठाऊक आहे. वाईट मानू नकोस. माझा एक डोळा गेलाच. दुसऱ्याने दार कुठे, खिडकी कुठे एवढं कळतं. डॉक्टर म्हणतात, आता सुधारायचं नाही.

तुला कळवलं असतं तर तू दया येऊन धावत आला असतास. तसा भाऊ मला नको होता. पण थंडीत एकदा माझ्याच घशात काटा अडकला. पाठीत थाप मारायला घरात कुणी नव्हतं. काटा गेला, पण त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, बंड्या. तेव्हापासून मासाही बंद आणि तुला ये म्हणणंही सुरू.

दोन खोल्या पुरतात. चार दिवसांसाठी म्हणून येऊ नकोस.

आहे तेवढी सगळी माया तुझ्यासाठीच ठेवून,
अक्का

ता. क. याचं उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर तेही मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागेल.