चौदा तारखेची बदली

परदेशीपुरा, इंदूर
६ जुलै २००४

प्रिय प्रशिक,

सप्रेम जयभीम.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा बाबा माझ्या अगदी शेजारी कान लावून उभे होते, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. तू त्या 'हं'ला होकार समजलास आणि फोन ठेवलास. त्यात तुझी चूक नाही रे, गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक 'हं'चा अर्थ होच असायचा. चौदा तारखेला, बुधवारी, अकरा ते दोन, डेटाबेसचा शेवटचा पेपर. मल्हारगंजच्या त्या सायबर कॅफेत बसून तुझ्या नावाने मी द्यायचा. तो निघाला की तुझी ऑनलाइन एमएससी पूर्ण, पुण्याची कंपनी तुला पर्मनंट करणार. नाही निघाला तर एकतीस जुलैला बोरिया-बिस्तर बांधून घरी. सगळं पाठ आहे मला. बाबांनाही पाठ आहे, ते दिवसातून चारदा म्हणून दाखवतात.

पत्र अशासाठी लिहितेय की फोनवर मला बोलताच येत नाही. तू "ताई, प्लीज ना" म्हणालास की माझ्या तोंडून दुसरं काही निघत नाही. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, तेवढाच एक फायदा.

घरचं म्हणशील तर आईचा गुडघा तसाच. शिवणाचं मशीन आता ती डाव्या पायाने चालवते आणि विचारलं की चिडते. बाबा सकाळी अजूनही पहिल्या पाळीच्या वेळेला उठतात, सात वर्षं झाली मिल बंद होऊन तरी. आंघोळ करतात, शर्ट घालतात आणि मग कुठे जायचं ते न सुचून ओट्यावर बसतात. मिलच्या भिंतीवर या उन्हाळ्यात इकडून तिकडे बोर्डच बोर्ड लागलेत, कोचिंगवाल्यांचे, आणि मधूनमधून "घरबसल्या डिग्री" वाल्यांचे. बाबा ते वाचत वाचत भाजी आणायला जातात. परवा मला म्हणाले, संबोधी, आमच्या भिंतीवर आता शाळाच उघडली बघ. आणि हसले. मला मात्र हसू आलं नाही, भडभडून आलं.

तुला ती सत्त्याण्णव सालची विद्यापीठातली नोटीस आठवते का? तू सोळा वर्षांचा होतास, तुझं लक्ष सगळं क्रिकेटमध्ये. मी बीएससी होऊन एमसीएची परीक्षा दिली होती. तीस जागा आणि फॉर्म किती हजार आले होते कोण जाणे. माझं नाव प्रतीक्षा यादीत, चौथं. चौदा दिवस मी रोज विद्यापीठात जाऊन त्या बोर्डासमोर उभी राहायचे, वरच्या तेहतिसांपैकी कुणी येऊ नये म्हणून. एका दिवशी तर टेंपो बडा गणपतीला थांबला आणि मी चक्क हात जोडले. आपल्या घरात कुणाला सांगू नकोस हं, आई पंधरा दिवस बोलायची नाही. यादी तिसऱ्या नंबरापर्यंत सरकली आणि थांबली. त्याच महिन्यात मिलला टाळं लागलं. मग मी ट्यूशन धरल्या, दुसऱ्या वर्षी फॉर्म भरायचं नावही काढलं नाही, आणि कुणी मला विचारलंही नाही की का गं काढत नाहीस. तुझ्यावर राग नाही, तू लहान होतास. पण विचारलं नाही हे खरं आहे.

आणि मग दोन हजार दोन. प्रवेश परीक्षेत तुझा रँक चार आकडी आला तेव्हा तू दिवसभर आतून कडी लावून बसलास. बाबा बाहेर दाराला पाठ लावून बसले होते, जेवले सुद्धा नाहीत. मी त्या दिवशी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नाही. दोनच दिवसांनी तू मल्हारगंजहून ऑनलाइन एमएससीचं ते पत्रक घेऊन आलास. ना प्रवेश परीक्षा, ना यादी, पेपरसुद्धा इंटरनेटवर. मी म्हटलं, घे बाबा, घे. दार उघडं राहतंय ना, बस.

पहिल्याच सेमिस्टरला तुझी पुण्यातली पाळी आणि पेपर एकाच वेळी आले. तू रडकुंडीला येऊन फोन केलास. तेव्हा बाबाच म्हणाले, अरे, मग बदली लाव ना, त्यात काय एवढं! बाबांच्या मिलमध्ये कुणी आजारी पडला, कुणाच्या घरी लग्न निघालं, की त्याच्या मागावर दुसरा उभा राहायचा, तो बदलीवाला. माग बंद पडायचा नाही, मुकादमाला कापडाशी मतलब. आणि बाबांच्या खात्यात एक रीत होती, सुट्टीवर जाणारा आपला पितळी बिल्ला बदलीवाल्याच्या हातात द्यायचा. माणूस कामावर परतला की बदलीवाला स्वतः घरी येऊन तो बिल्ला परत करायचा, चहा पिऊन जायचा. म्हणून त्या पहिल्या पेपरच्या सकाळी बाबांनी खिळ्यावरचा आपला बिल्ला काढला, धोतराच्या फडक्याने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. नंबर बावीसशे सतरा. तोच मी तुझा पासवर्ड ठेवला. तेव्हापासून प्रत्येक पेपरला बाबा दारात उभे राहून तो मला देतात आणि संध्याकाळी परत खिळ्याला अडकवतात. मी तो तुला कधी परत केलाच नाही, कारण तू कामावर परतलाच नाहीस.

खरं सांगू? मला मजा येत होती. आधी वाटलं, तुझे असाइनमेंट उरकून टाकावे, डोक्याची कटकट. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मी ट्यूशनच्या पोरांना दहा मिनिटं आधी सोडू लागले. कॅफेवाला संताजी मला कोपऱ्यातलं मशीन राखून ठेवायचा. म्हणायचा, "दीदी, आपके भिया से ज्यादा तो आप पढ़ रही हो." मी म्हणायचे, अहो, मी नुसतं टाइप करतेय. प्रोग्रॅम चालला नाही की मला भूक लागायची नाही, आणि चालला की टेंपो न पकडता मी पायी घरी यायचे. अठ्ठाविसाव्या वर्षी मला कळलं की सत्त्याण्णवला माझं नेमकं काय गेलं होतं. ते न कळतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या सेमिस्टरला एक्क्याऐंशी टक्के आले. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. प्रशिक अव्वल आला, नोकरी करून अव्वल आला! आणि ताटली घेऊन बाबांच्या मागे मागे घरोघर कोण फिरत होतं? मी. शेजारच्या शालिनीच्या आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, भाऊ नाव काढतोय हो, आता तुझंही काहीतरी बघायला हवं. मी हसले. घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, दोनदा धुतलं. आई बघत होती.

मे महिन्यात मी शालिनीकडे, तिच्या सासरी बेटम्याला गेले होते, असं आईने तुला फोनवर सांगितलं असेल. मी बेटम्याला गेले नव्हते. कुठे गेले होते ते सांगते, पण आधी बाबांचं ऐक.

गेल्या गुरुवारी बाबा ओट्यावर बसले होते, मी शेंगा सोलत होते. सहज विचारलं, बाबा, बदलीवाला तुमच्या मागावर उभा राहिला त्या दिवशी हजेरी कुणाची लागायची? तुमची? बाबा म्हणाले, हात वेडे, माझी कशी लागेल, मी तर घरी. ज्याने काम केलं त्याची. त्याचं नाव वेगळं लिहायचे, बदलीच्या रजिस्टरात. आणि त्या नावासमोर वर्षाचे दिवस भरले की त्यालाच पुढे कायम करायचे. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, पोरी, त्याचा संसार उभा राहू दे एकदा. आणि उठून आत गेले. प्रशिक, त्यांना कळलं. मलाही कळलं. दोन वर्षं मी उभी राहिले आणि माझं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

मला राग येतो रे. तुझा येतो, मग बाबांचा येतो, मग फिरून माझाच येतो, की पहिल्या दिवशी नाही का म्हटलं नाही. आणि राग उतरला की नुसती भीती उरते. तू नापास झालास तर? परत आतून कडी लावून बसलास तर? बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले तर? गेले आठ दिवस मी अर्धं ताट तसंच ठेवून उठते. आई विचारते काय गं, मी म्हणते उकाड्याने. सही में, मी तुझं वाटोळं करायला निघालेय की काय, असं दर तासाला वाटतं. या पत्राचे तीन कागद मी फाडलेत, हा चौथा.

आता ऐक. मे महिन्यात त्या दिवशी मी एमसीएची प्रवेश परीक्षा देत होते. वयाच्या अटीत बसायचं हे माझं शेवटचं वर्ष. अठ्ठावीस जूनला यादी लागली. तीस जागा, आणि मी सातवी. प्रतीक्षा यादीत नाही रे, वरच्या यादीत, सातवी! कुणालाच सांगितलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय. काउन्सेलिंग चौदा जुलैला आहे, सकाळी अकरा वाजता, मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायचं. नाव पुकारल्यावर नसलं तर जागा खालच्याला. त्या बोर्डासमोर आता कुणीतरी चौथा नंबर उभा असेल, मी येऊ नये म्हणून हात जोडत. चौदा तारखेला मी कॅफेत नसेन, प्रशिक. तुझा पेपर तू द्यायचा आहेस. पुण्यात कुठेही बस, साइट तीच आहे. सोबत माझ्या तीन वह्या पाठवतेय, सगळं मराठीत समजावून लिहिलंय. हे स्पीड पोस्टाने शुक्रवारी मिळेल, हातात चार दिवस राहतील. शिव्या दे मला, पण बस. वह्यांच्या मध्ये रुमालात बांधलेला बाबांचा बिल्ला आहे. तो आज बाबा भाजीला गेले तेव्हा खिळ्यावरून काढला. हे पार्सल आत्ता, ते परत यायच्या आत, पोस्टात टाकून येते, कारण घरात राहिलं तर चौदा तारखेला मी परत कॅफेतच जाऊन बसेन, मला माहीत आहे मी कशी आहे ते. संध्याकाळी ते खिळ्याकडे बघतील आणि विचारतील, बिल्ला कुठे गेला. मी सांगेन, ज्याचा होता त्याला परत केला.

तुझीच,
संबोधीताई

ता. क. नॉर्मलायझेशनचा प्रश्न दर वेळी येतो, दुसऱ्या वहीत पान अकरा. तो आधी सोडव. आणि पेपरआधी काहीतरी खाऊन जा, रिकाम्या पोटी तुझं डोकं चालत नाही.