वेलाखालचं घर

१२ नोव्हेंबर, धडगाव
नवी जबाबदारी. उपग्रहाच्या फोटोत मशीन घरं ओळखतं, प्रत्येक घरावर हिरवा चौकोन टाकतं. चौकोन असेल त्या घराला नळ. मी फक्त तपासायचं. मशीन शंभरात शहाण्णव बरोबर, उरलेल्या चारांसाठी मी आहेच. संकल्प : एकही घर सुटू द्यायचं नाही.

१९ नोव्हेंबर
वरच्या पाड्यावरची दिवलीबाई आली, सत्तरीची, एकटी राहते. सोबत शेजारी गोवाल, तिची पावरी बोली मला मराठीत सांगायला. तिचं घर यादीत नाही. फोटो मोठा केला. छपरावर दुधीचा वेल पसरलाय, मशीन त्याला झाड समजलं. शेजारच्या कडब्याच्या गंजीवर मात्र चौकोन, म्हणजे गंजीला नळ मंजूर! मी हसलो. ती हसली नाही. पाणी दरीतल्या झऱ्यावरून आणते म्हणे.
जागेवर जाऊन पाहिलं तर हाताने चौकोन टाकायची मला परवानगी आहे. सोमवारी जाणार. नक्की.

२५ नोव्हेंबर, सोमवार
जीपवाल्या लोटनने सकाळीच हाक मारली, ‘साहेब, तुमनासाठे पुढली सीट ठेयेल शे.’ बसलो. पहिल्याच वळणावर मळमळलं, उतरलो. शहाद्याहून इकडे येतानाही घाटात दोनदा उलटी झाली होती. तब्येत आधी. पुढच्या सोमवारी.

९ डिसेंबर
दिवलीबाई पुन्हा. दुधी घेऊन आली. मी शास्त्रीय उपाय सांगितला : वेल काढा, जानेवारीत नवा फोटो येईल. गोवालने तिचं म्हणणं सांगितलं, दादा एकदा येऊन डोळ्यांनी बघतील का? मी समजावलं, डोळे चुकतात, म्हणून तर मशीन आणलंय.
दुधी छान होता. ब्राह्मणपुरीला घरी बायकोला, रोहिणीला, फोनवर सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न : ‘तुम्ही सोता कव्हय जाशात?’ मी स्वतः जाऊन काय होणार? तिला तंत्रज्ञानातलं कळत नाही.

३० डिसेंबर
थंडी फार. उलटीची गोळी दुकानात नव्हती. नव्या वर्षात पहिलं काम दिवलीबाईचं.

२१ जानेवारी
नवा फोटो आला. वेल नाही, छप्पर स्वच्छ, वर हिरवा चौकोन! मशीनची खात्री शंभरात नव्व्याण्णव. मी खुर्चीतून उठलोच. लगेच गोवालला फोन लावला, म्हटलं, आजीला सांग, घर सापडलं.
तो म्हणाला, आजी गेली, आठ दिवस झाले. झऱ्यावरून हंडा आणताना पाय घसरला. वेल तिने एकटीनेच उपटला होता, फुलं असताना. रोज अंगणात बसून वर बघायची, फोटो कधी काढतात म्हणून.

२२ जानेवारी
गेलो. पाऊण तास लागला. घाटात काहीच झालं नाही.
भिंतीशी सुकलेला वेल पडला होता. अंगणातून झरा बघितला, फार खाली आहे. फॉर्म भरला. राहणारी माणसं : शून्य. रिकाम्या घराला नळ नाही, तो चौकोन पुसायचा असतो. ते मशीनला येत नाही.
हाताने पुसला.